बीएस्सी ॲग्रीनंतर मी माती तपासायची लॅब टाकली, त्याचा सगळा प्रवास

ॲग्रीला ॲडमिशन घेतलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न ठरलेला असतो, एमपीएससी करणार का दुकान टाकणार. दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र, खतं औषधं बियाणं. मला मामानं विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, तासगावच्या स्टँडवर भेटलेल्या शाळेतल्या सरांनी पण हेच विचारलं. तिसरं काही असतं हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं त्यामुळं मी एमपीएससी म्हणून मोकळी व्हायचे. आता दर जून-जुलैत बारावी झालेल्या पोरांच्या आयांचे मला फोन येतात, ताई आमच्या पोरीला ॲग्रीला घालू का, पुढं काय असतंय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आमचं गाव सावळजच्या बाजूला, तासगाव तालुका. दोन एकर द्राक्षबाग, थोडा माल मार्केटला आणि बाकी सगळा बेदाण्याला. आण्णा, म्हणजे माझे वडील, दर छाटणीला दोन एकरात सहा पोती डीएपी आणि वर सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाची (फॉस्फरसची) खतं, टाकायचेच. त्यांच्या वडिलांनी टाकलेलं, शेजारचे टाकतात, म्हणून टाकायचे.

सातव्या सेमिस्टरला रावे असतं, एका गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करायचं. खरं सांगायचं तर बरीच पोरं ते फोटोपुरतं करतात. आमच्या ग्रुपला पलूस तालुक्यातलं गाव होतं आणि आमचे सर कडक होते, मातीचा नमुना चुकीचा काढला तर परत पाठवायचे. बांधाजवळचा नको, झाडाखालचा नको, शेणखताचा ढीग पडलेल्या जागेचा नको, व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खरवडायची, आठ-दहा ठिकाणची एकत्र करायची, मग पसरून चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत चार भाग, असं अर्धा किलो राहीपर्यंत. हे करता करता वाटलं की आपल्या बागेची माती आपण आयुष्यात कधी तपासली नाही. दिवाळीला घरी आले आणि नमुना काढून घेऊन गेले.

रिपोर्ट आला त्यात स्फुरद हेक्टरी ९६ किलो. आपल्याकडं ३५ च्या वर गेला की अत्यंत जास्त धरतात. सामू, म्हणजे पीएच, ८.३, चुनखडी १३ टक्के. म्हणजे वर्षानुवर्षं टाकलेला स्फुरद जमिनीत साठत गेलेला, आणि एवढा स्फुरद झाला की जस्त आणि लोह वेलीला नीट उचलता येत नाही, त्यात चुनखडीची भर. आमच्या बागेत दरवर्षी वरच्या टोकाला पानं पिवळी पडायची ती कशानं, हे पहिल्यांदा कागदावर दिसलं.

आण्णांना सांगितलं की यंदा डीएपी टाकू नका. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "टाकायचं न्हाई म्हंजे? बाग गेली तर वर्षाची बाग जाती पोरी, तुझा कागद भरून देणार हाय का?" त्यांचं चुकत नव्हतं. औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या दोन एकरावर उभं असतं. शेवटी आईनं तोडगा काढला, वरचा एकर पोरीचा आणि खालचा तुमचा. वरच्या एकरात डीएपी बंद, आणि चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून पडू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, द्यायचं ते ईडीडीएचए मधलं, चुनखडीच्या जमिनीत टिकणारं.

पहिल्या वर्षी दोन्ही एकरांच्या मालात काहीच फरक पडला नाही, आणि मला हेच बघायचं होतं. न टाकता तेवढाच माल आला. दुसऱ्या वर्षी वरच्या टोकाची पिवळी पानं पण कमी झाली. तिसऱ्या वर्षी आण्णांनी खालच्या एकरातलं डीएपी स्वतः बंद केलं, मला सांगितलं पण नाही, आईकडनं कळलं. आज डीएपीचं पोतं १३५० रुपयांना आहे, सहा पोत्यांचा हिशोब कुणीही करावा.

पण तरीही मी डिग्रीनंतर पुण्याला एमपीएससीलाच गेले. पेठेत कॉट बेसिसवर दीड-दोन वर्षं, एकदा पूर्व निघाली, मुख्य नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला घरी आले ती परत गेलेच नाही. त्या काळाबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

मग एका खतं-औषधांच्या कंपनीत फिल्डवर लागले. पगार बरा, गाडीचा पेट्रोल खर्च मिळायचा, पण महिन्याचं टार्गेट असायचं. कवठेमहांकाळच्या बाजूचे एक शेतकरी होते, तात्या म्हणायचे सगळे त्यांना. त्यांच्या बागेत पानं पिवळी. आमच्या कंपनीचं लोहाचं चिलेट ईडीटीएतलं, ते दोन वेळा ड्रिपमधनं गेलेलं आणि फरक नाही. मला माहीत होतं की तिथली जमीन चुनखडीची, सामू ८.४ च्या आसपास, आणि ईडीटीएतलं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की जमिनीत टिकत नाही, ते पानापर्यंत पोचणारच नाही. तरी महिनाअखेर होती आणि मी तिसऱ्यांदा तेच लिहून दिलं. पंधरा दिवसांनी गेले तर पानं तशीच, आणि तात्या मला रागावले पण नाहीत. एवढंच म्हणाले, "म्याडम, तुम्ही म्हणाला म्हणून टाकलं." त्या रात्री मला झोप आली नाही आणि पुढच्या महिन्यात मी राजीनामा दिला. लॅब टाकल्यावर सगळ्यात पहिला नमुना मी त्यांच्याच बागेतनं आणला, पैसे घेतले नाहीत, आणि मी त्या वेळी काय केलं होतं ते पण त्यांना सांगितलं.

राजीनाम्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत घरी बसून मी बॅचमधल्या एकेकाला फोन केले की तुम्ही काय करताय. आणि तेव्हा कळलं की एमपीएससी आणि दुकान सोडून केवढं काय काय आहे. एकजण कारखान्याच्या शेती खात्यात, ऊस नोंद, लागणीच्या तारखा, तोडणीचा प्रोग्रॅम, सगळं त्याच्या गटाचं तो बघतो. एकजण बँकेत ॲग्रिकल्चर फिल्ड ऑफिसर, त्याला आयबीपीएसची स्पेशालिस्ट ऑफिसरची परीक्षा असते, आपल्या पोरांना ती बऱ्याचदा माहीतच नसते. एक मैत्रीण फलटणजवळ पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर प्रोजेक्टवर होती, आपल्या भागात गेली पंचवीस-तीस वर्षं जो को ८६०३२ ऊस लावतात त्याची शिफारस याच केंद्रानं केलेली, १९९६ साली. माणदेशातला एक मित्र फलटणच्या निंबकर संस्थेनं तयार केलेली नारी सुवर्णा मेंढी पाळतो. बंगालमधल्या गरोळ मेंढीतलं जुळी कोकरं देणारं जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणलं, आणि तो म्हणतो की एका कोकराच्या जागी दोन मिळाली की मेंढपाळाचं सगळं गणित बदलतं. एकानं मांजरीच्या व्हीएसआयला, म्हणजे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला, शुगर टेक केलं. एकजण महाबळेश्वर-पाचगणीकडं स्ट्रॉबेरीच्या प्रोसेसिंग युनिटला क्वालिटीला आहे. आणि एक मैत्रीण एक्सपोर्टच्या द्राक्षांचे रेसिड्यूचे, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचे, नमुने काढते. २०१० ला क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं रसायन सापडल्यामुळं आपले कंटेनर युरोपात अडकले होते ते आमच्या भागातल्या प्रत्येक बागायतदाराला आठवतं, त्यानंतर नमुना, लॅब, ट्रेसिंग या कामाला एकदम महत्त्व आलं आणि त्यात माणसं लागतात, ॲग्रीची आणि फूड टेकची दोन्ही.

मला मात्र डोक्यात तात्यांचंच बसलं होतं. शेतकऱ्याला सल्ला फुकट मिळतो पण तो देणारा काहीतरी विकत असतो. काही न विकता नुसतं तपासून सांगणारं माणूस जवळपास पाहिजे, आणि ते काम आपण करायचं असं ठरवलं.

ॲग्रिक्लिनिकच्या ट्रेनिंगचं मला बँकेतल्या मित्रानं सांगितलं. ॲग्री शिकलेल्यांना स्वतःचा व्यवसाय टाकता यावा म्हणून २००२ पासूनची केंद्र सरकारची योजना आहे, ट्रेनिंगचं काम हैदराबादची मॅनेज संस्था बघते आणि अनुदान नाबार्डमार्फत येतं. ॲग्री किंवा त्याच्याशी संबंधित डिग्री-डिप्लोमा पाहिजे, वय १८ ते ६०, ४५ दिवस राहून ट्रेनिंग, राहणं जेवण फुकट. मी २०२२ ला केलं. मला वाटलेलं लेक्चर असतील, सर्टिफिकेट देतील आणि सोडतील. लेक्चर होतीच, पण खरा भाग म्हणजे ज्यांनी आधी युनिट टाकलेत त्यांच्याकडं जाऊन बसायचं, त्यांचा महिन्याचा खर्च विचारायचा, कुठं चुकलं ते ऐकायचं, आणि स्वतःचा प्रोजेक्ट रिपोर्ट स्वतः लिहायचा. पैसे देऊन रिपोर्ट करून देणारे असतात, तिथनं करून घेऊ नका असं मी कळकळीनं सांगते, कारण बँकेत समोर बसल्यावर प्रत्येक आकड्यावर प्रश्न येतो.

मार्केट सर्व्हेला मी पाच गावं फिरले. बहुतेकांच्या घरात सॉईल हेल्थ कार्ड होतं, २०१५ पासून सरकारनं ते दिलेलं, त्यात बारा गोष्टी तपासलेल्या असतात. पण ते कार्ड देवघराच्या मागं नाहीतर सातबाराच्या पिशवीत. काढून वाचलं तर म्हणायचे, हे आमच्या रानाचं वाटत न्हाई. त्यात तथ्य होतं. त्या योजनेत बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना धरायचा, म्हणजे सहा एकरात एक. आमच्याकडं सहा एकरात चार जणांच्या बागा असतात आणि चौघांची खतं वेगळी. त्या योजनेचा हेतू मोठा आहे, सगळ्या तालुक्याचा अंदाज त्यातनं येतो, पण माझ्या एकरात किती पोती टाकू याला माझ्याच एकराची माती लागते. माझ्या रिपोर्टात मी हाच मुद्दा मांडला.

आता बँक. साडेआठ लाखांचा प्रोजेक्ट होता. या योजनेत जनरलला ३६ टक्के आणि महिला, एससी, एसटीला ४४ टक्के अनुदान आहे, म्हणजे माझे पावणेचार लाखाच्या आसपास. पण ते पैसे हातात मिळत नाहीत हे नीट समजून घ्या, ते कर्जाच्या बाजूला वेगळे ठेवतात आणि शेवटी कर्जात वळते होतात, आधी सगळं कर्ज मंजूर व्हायलाच लागतं. पहिल्या बँकेत साहेब म्हणाले, माती तपासायला शेतकरी पैसे देतो होय, आणि फाईल परत. दुसऱ्या बँकेत विचारलं, लग्न झाल्यावर लॅब कोण चालवणार. मी तिथं काही बोलले नाही पण बाहेर येऊन गाडीवर बसून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तिसऱ्या ठिकाणी ऑफिसर स्वतः ॲग्रीचा होता, त्यानं रिपोर्ट अर्धा तास वाचला आणि एकच विचारलं, मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला काम नसेल तेव्हा हप्ता कशातनं. माझ्याकडं उत्तर होतं, खरडछाटणीनंतर ४५ दिवसांनी द्राक्षाचं देठ परीक्षण असतं, पाचव्या पानाचा देठ घ्यायचा, त्यामुळं मेमध्येच काम येतं. फळछाटणीनंतर फुलोऱ्यात परत एकदा देठ, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर निघतो. आडसाली लागणीच्या आधी उसाची माती. तो हसला आणि कोटेशन आणा म्हणाला. तिथनं पुढं मंजुरीला पाच महिने गेले. कोटेशन, भाडेकरार, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आण्णांचा सातबारा, सिबिल, एक कागद दिला की दुसरा. हे पाच महिने घरात बसून काढायचे नाहीत, मी त्या वेळात एका ओळखीच्या लॅबला बिनपगारी काम केलं आणि तिथं जेवढं शिकले तेवढं कॉलेजच्या प्रॅक्टिकलला शिकले नव्हते.

कारण कॉलेजला सेंद्रिय कर्बाचं (मातीतल्या ऑरगॅनिक कार्बनचं) टायट्रेशन पाच जणांत एक असायचं. तिथं मी दिवसाला तीस केली. एक ग्रॅम माती फ्लास्कमध्ये घ्यायची, पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली, वरून २० मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, फ्लास्क एकदम गरम होतो, अर्धा तास तसाच बाजूला ठेवायचा. मग पाणी, फॉस्फरिक ॲसिड, इंडिकेटरचे थेंब, आणि ब्युरेटमधनं फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब सोडायचं. जांभळट निळा रंग असतो, तो मळकट होत जातो, आणि मग एका थेंबाला झटकन हिरवा होतो. तो एक थेंब जास्त गेला की आकडा चुकला आणि त्याच्यावरनं एखाद्याचं शेणखताचं नियोजन चुकलं. अजूनही त्या थेंबाला मी श्वास रोखून धरते.

लॅब तासगावच्या रस्त्याला दोन खोल्यांत टाकली. पीएच मीटर, क्षारता मोजायचं ईसी मीटर, कलरीमीटर, पोटॅशसाठी फ्लेम फोटोमीटर, ओव्हन, डिस्टिल्ड वॉटरचं युनिट, वजनकाटा. सगळ्यात जास्त त्रास लाईटनं दिला, व्होल्टेज खाली-वर झालं की रीडिंग हलतं, स्टॅबिलायझरचा खर्च मी प्रोजेक्टमध्ये धरलाच नव्हता, तो खिशातनं गेला. नवीन टाकणाऱ्यांनी तो आधीच धरावा.

आणि चौथ्या महिन्यात माझी मोठी चूक झाली. सगळ्या रिपोर्टांत पालाश, म्हणजे पोटॅश, कमी यायला लागला. आपल्या काळ्या जमिनीत पालाश सहसा भरपूर असतो, एखाद्याचा कमी येईल, सगळ्यांचा कसा येईल. मी दर महिन्याला काही नमुने विद्यापीठाच्या लॅबलाही पाठवते, ते आकडे आले आणि पोटात गोळा आला, त्यांचा पालाश माझ्यापेक्षा बराच जास्त. शोधलं तर स्टँडर्ड द्रावणाच्या बाटलीचं झाकण नीट बसत नव्हतं, पाणी उडून द्रावण घट्ट झालेलं आणि त्याच्यावर मशीन सेट केल्यामुळं बाकी सगळं कमी दिसत होतं. एक्केचाळीस रिपोर्ट गेलेले. मी एक्केचाळीस जणांना फोन केला, पोटॅश टाकू नका, थांबा, परत तपासून देते. सहा जणांनी आधीच टाकलेलं. बाकीच्यांचे परत केले, माझ्या खर्चानं. मला वाटलं आता कुणी येणार नाही. पण त्यातलेच कितीतरी जण पुढच्या हंगामात आले आणि शेजाऱ्याला घेऊन आले. फोन करून चूक सांगणारी लॅब म्हणून माझं नाव झालं. आता स्टँडर्डच्या बाटलीवर तारीख असते आणि ती महिन्याच्या वर ठेवत नाही.

वाळवा तालुक्यातनं नदीकाठचे एक आजोबा आले होते, आबा म्हणते मी त्यांना. उसाचं रान, वर पांढरी मीठफुटी, दुकानातनं जिप्सम टाका सांगितलेलं आणि टाकलेलं पण. तपासलं तर सामू ८.१ आणि क्षारता ३.६, ती १ च्या आत पाहिजे. म्हणजे क्षारपड, चोपण नव्हे. चोपण म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेली जमीन, तिला सामू साडेआठच्या वर जातो आणि तिथं जिप्सम कामाचं. यांचं दुखणं पाण्याचं होतं, पाटाचं पाणी भरपूर द्यायचे आणि रानाला निचरा नाही, मग खालचे क्षार वर येतात. मी म्हणाले, आबा, आधी पाणी कमी करायचं आणि चर नाहीतर सच्छिद्र पाईप टाकून खालचं पाणी बाहेर काढायचं, त्याशिवाय कुठलंही पोतं उपयोगाचं नाही. ते म्हणाले, "तू काय इकत न्हाईस व्हय गं?" मी म्हणाले नाही. मग त्यांनी खिशातनं चष्मा काढला आणि रिपोर्ट पहिल्या ओळीपासून परत वाचायला लावला. दोन वर्षांनी त्यांनी चुलत्यांच्या रानासकट पाईप टाकले.

दोन कंपन्यांनी मला सांगितलं होतं, आमची खतं लॅबमध्ये ठेवा, कमिशन देतो. पहिल्या वर्षी ४१० नमुने झाले होते, ३५० रुपयांप्रमाणे, त्यातनं भाडं, केमिकल, हप्ता काढून काय राहतं ते सांगायला नको, त्यामुळं मोह झाला होता. आईशी बोलले. ती म्हणाली, मग परत त्या नोकरीलाच जा की, पगार तरी मिळेल. नाही ठेवली. त्याऐवजी बागांना एकरी फी घेऊन भेटी द्यायला लागले. सुरुवातीला "बाईमाणसाला डाऊनी कळतोय व्हय" असं तोंडावर ऐकलं, पहाटे दव असताना बागेत जाऊन पानाच्या खालची पांढरी बुरशी दाखवली की ते बोलणं थांबतं. आता वर्षाला अठराशेच्या आसपास नमुने होतात, दोन मुली कामाला आहेत, दोघी गावातल्याच, एक बीएस्सी केमिस्ट्रीची, म्हणजे ॲग्रीच पाहिजे असंही नाही. कर्जाचा हप्ता एकदाच चुकलाय.

जस्त, लोह, मंगल (मँगनीज) हे सगळं मला अजून बाहेर पाठवावं लागतं, त्याचं मशीन दहा लाखांच्या पुढं जातं. रिपोर्टला त्यामुळं आठ-दहा दिवस लागतात आणि छाटणीच्या तोंडावर शेतकऱ्याला ते परवडत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात त्याच बँकेत परत गेले होते, तो ऑफिसर बदलून गेलाय, नवीन मॅडम आहेत. त्यांनी तीन वर्षांचे नमुन्यांचे रजिस्टर मागितलेत. काल आण्णा आणि मी ती रजिस्टरं काढत बसलो होतो, त्यात त्यांच्या दोन्ही एकरांच्या नोंदी होत्या, आणि ते स्फुरदाचा आकडा बोटानं वर्षागणिक खाली खाली बघत होते, कॉलेजातल्या त्या पहिल्या रिपोर्टातला ९६, मग ८१, मग ७०.